तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ

साहित्य संमेलनाचं उद्घाटन एखाद्या वर्षी हुकलं तर मला फारसं वाटत नाही. समारोप मात्र मी चुकवत नाही. पहिल्या दिवशीची ग्रंथदिंडी, पालखीत ठेवलेली ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान, लेझीम खेळणाऱ्या शाळकरी मुली, चौकाचौकात काढलेल्या रांगोळ्या, हे सगळं डोळे भरून बघावं असंच असतं. पण त्या दिवशी गर्दी इतकी असते की कोण कशासाठी आलंय ते समजत नाही. ते तिसऱ्या दिवशी दुपारनंतर समजतं. मंत्र्यांच्या गाड्या तोवर गेलेल्या असतात. नावाजलेले कवी रात्रीचं कविसंमेलन आटोपून पहाटेच निघालेले असतात. मागच्या खुर्च्या एकात एक बसवून रचायला सुरुवात झालेली असते. आणि तरीही पुढच्या काही रांगांत माणसं ठाण मांडून बसलेली असतात. मांडीवर पुस्तकांची पिशवी, हातात घड्या पडून मऊ झालेली कार्यक्रमपत्रिका, आणि व्यासपीठावरचं आभारप्रदर्शनसुद्धा मन लावून ऐकणं चाललेलं. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं तर यांनाच चुकचुकल्यासारखं होतं. ही माणसं मला नात्यातली वाटतात.

आपण संमेलनाला सहज वार्षिक म्हणतो, पण ते तसं व्हायला फार काळ जावा लागला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकारानं मे १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. दुसरं भरायला १८८५ साल उजाडलं. तिसऱ्यासाठी तर आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. ते १९०५ मध्ये साताऱ्याला झालं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि मग कुठे या कामाला हक्काचं घर मिळालं. नंतरही खंड पडत राहिलेच. अगदी अलीकडे, नाशिकचं ९४वं संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचं, ते करोनामुळे डिसेंबरवर गेलं. १८७८ पासून २०२५ पर्यंत १४७ वर्षं होतात, आणि दिल्लीचं धरून संमेलनं होतात ९८. म्हणजे निदान पन्नास वर्षं अशी गेली की संमेलन भरलंच नाही. १८८५ मध्ये पुण्यात बसलेला एखादा पंचविशीतला लेखक पुढच्या संमेलनाला गेला असेल तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा झाला असणार. आपापल्या गावी परतताना 'आता पुढच्या वेळी भेटू' असं ते एकमेकांना म्हणाले असतील का, आणि म्हणाले असतील तर कशाच्या भरवशावर, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हा झाला भाषेचा हिशेब. गावाचा हिशेब याहून कठीण आहे. संमेलन फिरतं असतं, आणि फिरतं असावं हेच बरोबर. पण त्यामुळे जे भाषेला दरवर्षी मिळतं ते गावाला आयुष्यात एकदा मिळतं, फार तर दोनदा. यवतमाळला १९७३ मध्ये संमेलन झालं, त्यानंतर थेट २०१९ मध्ये. वर्ध्याला १९६९ नंतर २०२३ मध्ये. दिल्लीला १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, आणि दिल्लीतलं पुढचं संमेलन झालं २०२५ मध्ये, तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. बडोद्यानं तर १९३४ ते २०१८ अशी चौऱ्याऐंशी वर्षं वाट पाहिली. आपण बाहेरून येणारे लोक 'पुढच्या वर्षी दुसरीकडे' म्हणून पिशव्या उचलतो. ज्या गावात मंडप उभा होता, त्या गावाला असं म्हणता येत नाही.

अमळनेरला मला हे लख्ख दिसलं. तिथलं ९७वं संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. त्याआधी अमळनेरला संमेलन झालं होतं ते १९५२ मध्ये, कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली. मध्ये बहात्तर वर्षं. हे साने गुरुजींचं गाव. इथल्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. सकाळी मुलांनी वाचावं म्हणून रात्री जागून लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा अंक. वाचकसंख्या म्हणजे वसतिगृहातली मुलं, तेवढीच. एका माणसानं मूठभर मुलांसाठी चालवलेला हा रोजचा साहित्यउत्सव मला पुष्कळ मोठ्या सोहळ्यांपेक्षा मोठा वाटतो. गुरुजी १९५० मध्ये गेले. दोन वर्षांनी त्यांच्या गावात संमेलन भरलं, ते बघायला ते नव्हते.

शेवटच्या दिवशी दुपारी मंडपाच्या कडेला एक आजोबा खुर्चीत बसले होते. १९५२ चं संमेलन त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यांचं वय दहाच्या आतबाहेर. मी उत्साहानं विचारत सुटले, कोण कोण आलं होतं, भाषणं कशी झाली. त्यांना भाषण एकही आठवत नव्हतं. आठवत होते ते घरी उतरलेले पाहुणे. तेव्हा संमेलनाची माणसं गावात घरोघरी उतरत. त्यांच्या माजघरात ज्यांची पथारी होती, त्या पाहुण्यांनी या मुलाकडून शाळेत शिकवलेली एक कविता म्हणून घेतली होती. एका ओळीवर थांबवलं होतं आणि म्हटलं होतं, "सावकाश. ही ओळ परत म्हण." पाहुण्यांचं नाव आजोबांना सांगता येईना. ते लेखक होते की नुसते कोणी हौशी वाचक, हेही ठाऊक नव्हतं. ती ओळ मात्र त्यांनी मला म्हणून दाखवली, जिथे थांबायचं तिथे थांबून. मग म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला माझा पणतू असेल इथे. तुम्हीही नसाल." हे त्यांनी हसत सांगितलं, आणि ते खरं असल्यामुळे मलाही हसताच आलं.

ग्रंथप्रदर्शनात शेवटच्या संध्याकाळी जाणं हा माझा दुसरा नेम. पहिल्या दोन दिवसांत तिथे चालायला जागा नसते. लोक पुस्तकं हातात घेतात, किंमत बघतात, ठेवतात, फोटो काढतात. तिसऱ्या दिवशी मैदानाची बारीक धूळ सगळ्या मुखपृष्ठांवर बसलेली असते आणि विक्रेते फडक्यानं एकेक पुस्तक पुसत खोक्यात भरायला लागलेले असतात. जाड कादंबऱ्या तळाला, कवितासंग्रह वर, फटींमध्ये मुलांची पातळ पुस्तकं. खोक्यावर चिकटपट्टी मारायची, सुतळी आडवी-उभी ओढायची आणि जाड पेनानं वर लिहायचं: चरित्र, इतिहास, परत. 'परत' असं लिहिलेली खोकी नेहमीच जास्त असतात, आणि त्यांत कविता सगळ्यांत जास्त.

अमळनेरला अशाच एका गाळ्यावर, खोकी बांधणं अर्ध्यावर आलेलं असताना, एक ग्रंथपाल बाई आल्या. जवळच्याच एका गावातलं सार्वजनिक वाचनालय, 'ड' वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत लहान. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अशी हजारो वाचनालयं चालतात, आणि त्यांतली पुष्कळशी एका माणसाच्या चिकाटीवर उभी आहेत. बाईंच्या हातात वहीचं एक पान होतं. त्यावर पुस्तकांची नावं नव्हती, वाचकांची होती. एका नावापुढे 'रहस्य', दुसऱ्यापुढे 'शेती, कोरडवाहू', तिसऱ्यापुढे 'मोठा टाइप, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय', चौथ्यापुढे 'पोलीस भरती', पाचव्यापुढे 'काहीही, पण रडवणारं नको'. त्या आधीचे दोन्ही दिवस येऊ शकल्या नव्हत्या. विक्रेते काका एक शब्द न बोलता बांधलेली खोकी परत उघडायला लागले. सुतळी कापली, चिकटपट्टी काढली. आम्ही तिघं-चौघं आपसूक मदतीला लागलो. मोठ्या टाइपातलं विनोदी पुस्तक तिसऱ्या खोक्याच्या तळाशी सापडलं. 'रडवणारं नको' यावर बरीच चर्चा झाली, कारण सुचवलेल्या प्रत्येक पुस्तकात कोणी ना कोणी शेवटी मरत होतं. अखेर एक प्रवासवर्णन ठरलं. बाईंनी पक्कं बिल मागितलं, त्यावर शिक्का नीट उमटला आहे ना ते बघितलं, कारण त्याशिवाय दाखलनोंद करता येत नाही. काकांनी सवलत दिली आणि वर दोन कवितासंग्रह बिलाबाहेर ठेवले. "हे परत न्यायचा जीव होत नाही," म्हणाले.

संमेलनावर किती खर्च झाला आणि त्यातून काय निघालं, असं दरवर्षी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच पैसा. मला मात्र उत्तर शोधायला त्या बाईंच्या वहीचं पान पुरतं. तीन दिवसांच्या अखेरीस एका गावातल्या पाच वाचकांना, त्यांच्या न कळत, नावानिशी पुस्तकं मिळाली. प्रत्येक संमेलनात आयोजकांनी जवळपासच्या अशा वाचनालयांसाठी शेवटचा अर्धा दिवस राखून ठेवावा, त्यांच्या याद्या आधी मागवाव्यात, विक्रेत्यांना तसं कळवावं, हे मी पोटतिडकीनं सांगत आले आहे. त्याला मंडप लागत नाही, एक माणूस आणि एक टेबल लागतं.

खुल्या अधिवेशनाबद्दल मात्र लोक उगाच नाक मुरडतात. ठराव वाचले जातात, सूचक-अनुमोदक उभे राहतात, हात वर होतात. वर्षभरात गेलेल्या साहित्यिकांची नावं वाचली जातात तेव्हा अख्खा मंडप उभा राहतो. मग सीमाभागाचा ठराव, मराठी शाळांचा ठराव. तेच ते, असं म्हणून कित्येक जण चहाला जातात. मी जात नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा, हा ठरावही वर्षानुवर्षं असाच मांडला गेला, असेच हात वर झाले. केंद्र सरकारचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. नुसत्या ठरावांनी तो झाला नाही, त्यामागे अभ्यासकांचं मोठं काम होतं. पण ती मागणी विझू दिली नाही ती शेवटच्या दिवशी अर्ध्या रिकाम्या मंडपात हात वर करणाऱ्यांनी. त्यांतले किती जण ती बातमी ऐकायला होते, कोण जाणे. त्यानंतरचं पहिलं संमेलन दिल्लीत भरलं. त्या वेळी मला एकेका संमेलनातले ते वर केलेले हात आठवत राहिले, शर्टाच्या बाह्या, बांगड्या, एका हातात तशीच धरलेली चष्म्याची डबी.

अमळनेरला त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं. शेवटच्या दुपारी मी तिकडे जाऊन आले. दोन संमेलनं कशाला, असं मला पुष्कळदा विचारतात. त्याचं उत्तर १८८५ मध्येच मिळून गेलेलं आहे. त्या वर्षीच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं आणि रानड्यांना कारण लिहून कळवलं. जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असं त्याचं सार. म्हणजे दुसऱ्याच संमेलनात या भाषेला आपल्या मंडपाबाहेर कोण उभं आहे ते लेखी सांगितलं गेलं होतं. पुढे १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याच्या उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे होते. १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही संमेलन झालं, बाबुराव बागूल अध्यक्ष होते. ही सगळी माझ्याच भाषेची संमेलनं आहेत, आणि एक संपताना मला जेवढी हुरहुर लागते तेवढीच दुसरं संपतानाही लागते. त्या दुपारी दोन्हीकडे सतरंज्या झटकल्या जात होत्या. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाणारी बरीच माणसं वाटेत भेटली. कोणाच्या पिशवीवर या संमेलनाचं बोधचिन्ह, आत त्या संमेलनातली पुस्तकं.

कवी कट्ट्याचं मी काय सांगू? मुख्य मंडपात समारोप चाललेला असतो तेव्हाही तो चालूच असतो. शेकडो कवी, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, एकच कविता. सूत्रसंचालकाचा आवाज तिसऱ्या दिवसापर्यंत बसलेला असतो. आपली कविता झाली की पुष्कळ कवी उठून जातात, हे खरं आहे आणि मला ते आवडत नाही. अमळनेरला शेवटच्या काही नावांत एक एसटीचे वाहक होते. रजेचा अर्ज उशिरा मंजूर झाला म्हणून शेवटच्या दिवशी पोचलेले. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, आणि मग न बघताच कविता म्हटली. तिकिटाचे पैसे कमी पडलेल्या एका म्हातारीवर होती. कविता थोर नव्हती. मध्ये एका ठिकाणी यमकासाठी ओढाताण झाली होती. पण म्हातारी गाडीतून उतरते त्या कडव्यात त्यांनी तिच्या पायांबद्दल एकच ओळ लिहिली होती, आणि ती ओळ रोज गाडीच्या दारात उभं राहणाऱ्या माणसालाच सुचू शकते. समोर आम्ही जेमतेम वीस जण. कनात सोडवायला आलेले मंडपवाल्याचे दोघे पोरगे हातातली दोरी तशीच धरून ऐकत होते. कविता संपल्यावर त्यांतला एक म्हणाला, "आणखी एक म्हणा ना." सूत्रसंचालकांनी नियम मोडला आणि त्यांना दुसरी कविता म्हणू दिली.

शेवटच्या दिवसाचं खरं दुःख मात्र बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांचं नसतं. ते यजमानांचं असतं. कॉलेजच्या मुली-मुलांनी तीन दिवस पाहुण्यांना निवासापर्यंत पोचवलेलं असतं, पाण्याचे जार हलवलेले असतात, हरवलेले चष्मे आणि मोबाइल शोधून दिलेले असतात. व्याख्यानं त्यांच्या वाट्याला तुकड्या-तुकड्यांनी आलेली असतात. मला ज्या मुलीनं पहिल्या दिवशी खोली दाखवली होती, तिच्याकडे एक वही होती. स्वाक्षऱ्यांची वही म्हणून मी ती उघडली. आत नामवंतांच्या स्वाक्षऱ्या होत्या, पण त्याहून जास्त नावं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेली: ज्यांना ज्यांना तिनं खोलीपर्यंत नेलं त्या सगळ्यांची, गावासकट. लातूर, चिपळूण, गोंदिया, पणजी, बेळगाव. काही नावांपुढे बारीक शेरे: 'गुडघे दुखतात', 'कानडीही येतं', 'मुलीचं नाव माझंच'. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "मॅडम, एवढ्या गावांची माणसं मला परत कुठे भेटणार?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जाल. आम्हाला हे मैदान रोज कॉलेजला येताना दिसणार आहे." तिचा गळा दाटून आला होता, पण लगेच कोणीतरी व्हीलचेअर कुठे आहे म्हणून हाक मारली आणि ती पळाली.

याच्या अगदी उलट शेवट मी सीमाभागात पाहिला आहे. बेळगाव परिसरात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांमधून हिवाळ्यात एकेका दिवसाची मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, नंतर कथाकथन, कविसंमेलन. राज्याच्या नकाशानं आपल्याला पलीकडे ठेवलं, म्हणून भाषा आपणच राखायची, या जिद्दीनं तिथले शेतकरी, शिक्षक आणि तरुण मंडळं ती उभी करतात. तिथलं संमेलन त्याच गावात दरवर्षी येतं. त्यामुळे संध्याकाळी निरोपाचं वातावरण असं नसतंच. भांडी मोजली जातात, माइकवाल्याचे पैसे चुकते होतात, आणि उभ्या-उभ्या पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांबद्दल बोलणं सुरू होतं. एका बाई तिथे मला सांगत होत्या की त्या लग्न होऊन गावात आल्या त्या वर्षी दिंडीत मागे चालत होत्या, आता त्यांची सून पुढे कलश घेऊन चालते. मोठ्या संमेलनाकडे पैसा आहे, नाव आहे, इतिहास आहे. पण हे सलग वाढत जाणं त्याच्याकडे नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोठं संमेलन ज्या गावात जातं तिथे दुसऱ्या वर्षी, त्याच तारखांच्या आसपास, एक छोटं संमेलन व्हावं. मंत्री नकोत, तीन मंडप नकोत. त्याच स्वयंसेवकांनी, त्याच वाचनालयांनी मिळून एक दिवस भरवावं. अध्यक्षांचं पद काही समारोपाबरोबर संपत नाही. पुढचं संमेलन होईपर्यंत ते अध्यक्ष असतात आणि वर्षभर गावोगाव फिरतात. पद सोडण्याआधी त्यांनी यजमान गावात परत एकदा यावं, सत्कार न घेता, शाळेच्या एखाद्या वर्गात बसून बोलावं. संमेलनाचा मंडप उतरला तरी काही गोष्टी उतरत नाहीत, हे आपण कराडला पाहिलं आहे. १९७५ मध्ये, आणीबाणी असताना, दुर्गाबाई भागवतांनी तिथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितली. त्या वेळी जन्मालाही न आलेली माणसं आज तो प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात. पण असा प्रसंग दर वर्षी घडत नाही. एरवी गावात मागे काय राहावं, याची आखणी माणसांनाच करावी लागते, आणि ती पहिल्या दिवसाच्या आधी करावी लागते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे थकलेले असतात.

अमळनेरहून रात्री भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत आमचा अर्धा डबा संमेलनाच्याच लोकांचा होता. परभणीचे एक गृहस्थ सांगत होते, "आमच्याकडे १९९५ ला झालं. नारायण सुर्वे अध्यक्ष. मी कॉलेजात होतो, स्वयंसेवक होतो." त्यांनी ते असं सांगितलं की जणू गेल्या महिन्यातली गोष्ट. बार्शीच्या एका बाईंनी १९८० काढलं, गं. बा. सरदार अध्यक्ष होते तेव्हाचं. त्या वेळी त्या लहान होत्या, पण आईच्या कडेवर बसून मंडपात गेल्याचं त्यांना सांगितलं गेलं होतं. खिडकीशी बसलेले तरुण शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गावात एकदाही झालेलं नाही. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाला निमंत्रण द्यायचं तर काय करावं लागतं?"

झालं. सगळा डबा त्यांच्याभोवती गोळा झाला. एखादी नोंदणीकृत संस्था पाठीशी हवी, हे एकानं सांगितलं. स्थळ निवड समिती येऊन पाहून जाते, म्हणून आधी मैदान बघा, हे दुसऱ्यानं. पाण्याचं काय, स्वच्छतागृहं किती, रेल्वे स्टेशन किती लांब, दीड-दोन हजार माणसं उतरवायची कुठे? शिक्षक सगळ्याला "बघतो, करतो" म्हणत होते. परभणीकरांनी बजावलं, "वाचनालयांना पहिल्या दिवसापासून धरा, मागाहून नाही." मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला आणि माझी शेवटच्या अर्ध्या दिवसाची सूचना पुढे सरकवली. बार्शीच्या बाईंनी कार्यक्रमपत्रिकेची कोरी मागची बाजू पुढे केली आणि निमंत्रणपत्राचा मसुदा लिहायला घेतला. सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करावी की 'सविनय सादर' अशी, यावर भुसावळ आलं तरी एकमत झालेलं नव्हतं.